थट्टेकाडची तयारी

बॅग भरून झाली, तरी मन पुन्हा पुन्हा ती उघडतंय. केरळात, पेरियारच्या काठी थट्टेकाडला जायचंय. १९३० च्या दशकात त्रावणकोर-कोचीनचं सर्वेक्षण करताना पक्षितज्ज्ञ सालिम अलींच्या नजरेत हे रान भरलं. १९८३ साली तिथे पक्षी अभयारण्य झालं, आज ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं.

गाइडदादांच्या सूचना मोजक्या: भडक कपडे नकोत, जळवांसाठी लांब मोजे हवेत, पहाटे निघायचं. उन्हं चढली की पक्षी सावलीत गप्प होतात. दुर्बीण आठ बाय बेचाळीसची. गर्द झाडीतल्या अंधुक उजेडात तीच बरी. दमट हवेत भिंगांना बुरशी लागते, म्हणून सिलिका जेलच्या पुड्याही घेतल्यात.

मला बघायचाय तो फ्रॉगमाउथ पक्षी दिवसभर वाळक्या पानासारखा निश्चल बसतो. दादांनी बोट दाखवल्याशिवाय मला तो दिसणार नाही. मग ते पाहणं माझं किती? पण त्यांनी वर्षानुवर्षं वाचलेलं रान थोडं उसनं घ्यायला लाज कसली!

एक मात्र त्यांना आधीच सांगणार आहे: स्पीकरवर आवाज लावून पक्ष्याला बोलावू नका. नसलेल्या प्रतिस्पर्ध्याशी भांडण्यात त्याची ताकद वाया जाते. नाही दिसला तर नाही दिसला.