पाणवठ्यावरचा तंबू

मे महिन्यात मचाणावर बसायचं असेल तर दुपारी तीनच्या आत पोचावं लागतं. पारा तेव्हा पंचेचाळीसच्या आसपास असतो, सागाची पानं गळून रान उघडं पडलेलं असतं आणि पाचोळ्यावरून सरडा गेला तरी ऐकू येतं. जनावरं या वेळी नाल्यांच्या सावलीत बसून असतात. आपण झाडावर चढायचं, गप्प व्हायचं आणि पुढचे दोन-अडीच तास रानाला आपला विसर पडू द्यायचा. साडेपाचला धडपडत येणाऱ्याचं स्वतःचं नुकसान होतंच, पण तीनपासून घामाने भिजत बसलेल्याची दुपारही तो वाया घालवतो.

हे मला पांढरकवड्याजवळच्या एका कोलाम पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, म्हाताऱ्या बाबांनी शिकवलं. त्यांची हयात वनखात्याच्या रोजंदारीत, जाळरेषा काढण्यात गेली. मी मचाणासाठी ऐसपैस फांदीचं झाड शोधत होतो, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आधी वारा पाय, मंग झाड." उन्हाळ्यात दिवसभर वारा कुठूनही येतो, सूर्य बुडाला की मात्र थंड हवा उतारावरून खाली, नाल्याच्या अंगाने वाहायला लागते. म्हणजे मचाण पाण्याच्या खालच्या अंगाला हवं. वरच्या अंगाला बसलात तर संध्याकाळी तुमचा वास नाल्यातून थेट पाण्यावर पोचणार, आणि सांबर तुम्हाला दिसायच्या आधीच इशारा देऊन निघून जाणार.

बाकीची तयारी साधी वाटते, पण ती मोडली की सगळं मोडतं. कपडे विटलेले आणि वासाच्या साबणाशिवाय धुतलेले. खाणं चुरचुरणाऱ्या पुड्यांत नेत नाही, फडक्यात बांधून नेतो. पाण्याची बाटली दाबली की कडकडणारी नको. विजेरीच्या काचेवर लाल कापड, आणि तीही उतरतानाच लावायची. खोकला आला तर तोंड दंडात खुपसायचं. मोबाइल बंद म्हणजे बंद; पडद्याचा निळा उजेड मचाणावरच्या माणसाचा चेहरा अख्ख्या नाल्याला दाखवतो.

एवढं केलं की पाणवठा आपापल्या क्रमाने उलगडतो. आधी होले आणि मोर, मग वानरं. ऊन कलताना चितळांचा कळप, त्यांच्यामागे एखादा रोही. रानडुकरं आली की कुणाची भीड ठेवत नाहीत. सांबर येतं ते अंधार पडल्यावर, आणि आलं तरी लगेच पाण्यावर येत नाही. झाडोऱ्याच्या कडेला उभं राहतं. कान फिरवतं, नाक वर करतं, पुढचा पाय जमिनीवर आपटतं आणि पुन्हा उभं राहतं. अर्धा तास ते असं उभं राहिलेलं मी पाहिलं आहे. शंका आली तर एकच 'ढांक', शेपटी वर, आणि मागच्या मागे रान मोकळं.

मे महिन्यातलं हे सांबर कोणत्या अवस्थेत असतं, हे लक्षात घ्यायला हवं. माज येतो थंडीत, गर्भाचा काळ आठेक महिन्यांचा. म्हणजे पावसाच्या तोंडाशी विणाऱ्या माद्या मे महिन्यात गाभण असतात. नरांची शिंगं चैत्राच्या आगेमागे गळून नवी फुटत असतात; ती मऊ, मखमली कातडीखाली असतात, धक्का लागला तर दुखावतात. आणि उन्हाळ्यात सांबराला रोज पाणी लागतं. ज्या नाल्यात जानेवारीत मैलभर पाणी वाहत होतं, त्यात मे महिन्यात एक डोह उरतो.

गेल्या काही उन्हाळ्यांपासून या डोहांच्या काठी तंबू लागायला लागले आहेत. पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यात तसं करता येत नाही. तिथे सुन्ना आणि माथनीच्या फाटकांवर नोंद होते, सूर्यास्ताआधी बाहेर पडावं लागतं. पण अभयारण्य १४८ चौरस किलोमीटरचं, आणि रान त्याच्या हद्दीवर संपत नाही. हद्दीबाहेरच्या एका डोहावर आम्ही दोघं-तिघं परवानगी घेऊन निरीक्षणाला जातो. त्याचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव छापून आलं की पुढच्या शनिवारी तिथे गाड्या लागतील.

त्या संध्याकाळी आम्ही पोचलो तेव्हा डोहापासून वीस-पंचवीस पावलांवर तंबू उभे होते. शेकोटी पेटलेली, तिच्याभोवती पांढरे झगझगीत दिवे, आणि दगडावर ठेवलेल्या स्पीकरवर गाणी. मुलं वाईट नव्हती. शहरातून आली होती, चांदणं बघायला आली होती. आम्ही समजावायला लागलो तर त्यांतला एक अगदी मनापासून म्हणाला, "काका, आम्ही कुठल्याच प्राण्याला त्रास दिला नाही. आम्हाला तर एकही प्राणी दिसला नाही."

ते खरंच होतं. तो त्रास दिसणाऱ्यातला नसतो. सकाळी तंबू उठल्यावर मी नाल्याच्या वाळूत वरच्या अंगाला चालत गेलो. वळणापाशी सांबराच्या मादीचे खूर उमटले होते, शेजारी लहान खूर, म्हणजे मागच्या वर्षीचं पाडस सोबत होतं. दोघं तिथपर्यंत येऊन थांबली होती. एकाच जागी वाळू तुडवली गेली होती, पुढे दोन पावलं, पुन्हा मागे, पुन्हा पुढे. मग ठसे काठ चढून परत गेले होते, आणि परतीच्या ठशांत खुरांची टोकं खोल रुतलेली होती. ती रात्री कुठे गेली हे वाळू सांगत नाही. पण त्या बाजूला पुढचं पाणी शेतातल्या विहिरीचं आणि ओलिताच्या पाटाचं आहे. तिथे कुत्री आहेत आणि कुंपणांत वीज सोडणारे लोकही आहेत.

माणसाचा नुसता आवाज जनावरांना किती पळवतो याचा चांगला पुरावा दक्षिण आफ्रिकेत मिळाला. क्रुगर राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात संशोधकांनी पाणवठ्यांवर कॅमेरे आणि ध्वनिक्षेपक बांधले आणि येणाऱ्या जनावरांना कधी सिंहाचं गुरगुरणं, कधी बंदुकीचे बार, कधी कुत्र्यांचं भुंकणं, तर कधी माणसांचं साधं, शांत बोलणं ऐकवलं. २०२३ साली निष्कर्ष छापून आले. सिंहाच्या आवाजापेक्षा माणसाच्या बोलण्याने जनावरं पळण्याची शक्यता दुप्पट होती, आणि पाणवठाही ती अधिक लवकर सोडत होती. यात जिराफ होते, गेंडे होते, हत्ती होते. त्या प्रयोगात कुणी ओरडत नव्हतं, गाणीही नव्हती.

आमच्या बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. त्यांचे वडील जुन्या काळी साहेबांच्या शिकारीत हाकाऱ्यांमध्ये जायचे. डबे-ढोल वाजवत माणसांची रांग नाल्यात शिरायची आणि पुढचं सगळं रान रिकामं होऊन बंदुकीसमोर जायचं. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात शिकारीची जी व्याख्या आहे, तीत मारण्यासाठी जनावर हाकणंही येतं. डोहाकाठच्या मुलांचा हेतू तो नसतो, हे मला मान्य आहे. जनावराला मात्र हेतू कळत नाही, त्याच्या कानावर पडतो तो हाकाच.

ही तक्रार फक्त आमची नाही. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत सप्टेंबरमध्ये एल्क नावाच्या मोठ्या हरणाच्या शिकारीचा परवानाधारक हंगाम असतो. तिथला शिकारी पहाटेपासून वारा बघत दबा धरून बसतो आणि कुणीतरी पाण्याकाठी तंबू ठोकून सगळा कळप डोंगरापलीकडे घालवतो. आपल्याकडे शिकारीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे, पण त्या शिकाऱ्याचं दुःख मला कळतं. ॲरिझोना या कोरड्या राज्याने तर त्यावर सरळ कायदा केला: जनावरांना जवळपास दुसरं पाणी नसेल तर पाणवठ्यापासून पाव मैलाच्या आत मुक्काम करणं गुन्हा. पाव मैल म्हणजे सुमारे चारशे मीटर. सांबराला काठावर उभं राहून निर्णय घ्यायला एवढी जागा पुरते, असं माझा अनुभव सांगतो.

आपल्याकडे कायदे नाहीत असं नाही. अभयारण्यात प्राण्यांना छेडणं आणि कचरा टाकणं वन्यजीव कायद्याने मना आहे. राखीव जंगलात विनापरवाना शिरणं आणि विस्तव पेटवणं १९२७ च्या वन अधिनियमापासून गुन्हा आहे. पण नजर असते ती वाघाच्या रस्त्यावर. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात सफारीच्या गाड्यांनी वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट अडवली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. ते आवश्यकच होतं. फाटकाबाहेरच्या डोहावर पाणी न पिताच परतलेल्या सांबराची चित्रफीत मात्र कुणी काढत नाही.

आणि फाटकाबाहेरच्या पाण्यावर फक्त सांबरं जगत नाहीत. २०१९ च्या जूनमध्ये टिपेश्वरमधून निघालेला एक तरुण वाघ शेतं, नाले, रस्ते ओलांडत, बहुतेक रात्री चालत, डिसेंबरमध्ये बुलडाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तेराशे किलोमीटरची ती वाट अशाच बिननावाच्या नाल्यांतून गेली होती. ज्या पांढरकवडा-राळेगाव भागाने वाघाच्या हल्ल्यांत माणसं गमावली आहेत, तिथे जनावर रानातल्या पाण्यावरून उठून गावाकडे वळणं कुणालाच परवडत नाही.

रानात येऊच नका, असं मी कधी म्हणणार नाही. बुद्धपौर्णिमेला वनखात्याच्या निसर्गानुभव कार्यक्रमात नाव नोंदवा, मचाणावर बसा, रात्रभर काही दिसलं नाही तरी बसून राहा. चांदणं बघायचं असेल तर गावात, एखाद्या शेतकऱ्याच्या खळ्यावर त्याला विचारून मुक्काम करा. तो पिठलं-भाकरही देईल. डोहावर जायचंच असेल तर दिवसा जा आणि ऊन उतरायच्या आत चारशे मीटर दूर व्हा. १५ जूनपर्यंत वणव्याचा हंगाम असतो, तोवर विस्तव पेटवूच नका. आणि मे महिन्यापासून पहिला चांगला पाऊस नाल्यांना लागेपर्यंत तरी पाण्याकाठी तंबू ठोकू नका, एवढी विनंती आहे.