कर्केवरची पट्टी

१८ सप्टेंबर २०२४, बुधवार
काल विसर्जन आटोपलं. भाच्यानं जाता जाता माझा जुना संगणक ‘हलका’ करून दिला. पळतोय खरा. अक्षरं मात्र कातरल्यासारखी दिसतात. वेलांट्यांना पायऱ्या.

१९, गुरुवार
दिवाळी अंकाचं राशिभविष्य आलं. लिब्रे ऑफिसच्या रायटरमध्ये तक्ता केला. रास, पूर्वार्ध, उत्तरार्ध, उपाय. कर्सर तक्त्यात गेला की टेबलची पट्टी उगवते, ती एरवी तळाशी असते. आज ओढीत सुटली आणि बसली नेमकी कर्केवर. खाली न्यायला जावं, तर नुसती चौकट सरकते. सोडलं की तरंगतेच.

२०
फुली मारली. गेली. तक्त्याबाहेर जाऊन परत आत आले, ही हजर.

२३, सोमवार
व्ह्यू, टूलबार्स, ‘टेबल’पुढची खूण काढली. सुटले.

२४
दोन राशींना ओळी वाढवायच्या, बटणं कुठायत? दर वेळी मेन्यूत जा. म्हणजे फुली तात्पुरती, खूण काढणं कायमचं. त्याच यादीत ‘रीसेट’ सापडलं. पट्टी परत आली. तरंगत.

२७, शुक्रवार
संपादकांकडे गेले होते. तिथे वर्ड. शब्द निवडला की शेजारी एक छोटी फिकट पट्टी येते, २००७ पासूनची ही सोय. तिथल्या मुलीनं ती ऑप्शन्समध्ये ‘जनरल’ला जाऊन बंद केलीय. २००३ च्या वर्डमध्ये पट्ट्या हव्या तिथे ओढता यायच्या. माझ्या जुन्या नोकरीतल्या एका गृहस्थांच्या पडद्यावर पान शोधावं लागे. माणूस अतिशय व्यवस्थित. डब्यातसुद्धा लोणचं वेगळं.

३०
कंट्रोल दाबून पट्टीच्या शीर्षकावर डबल क्लिक. टपकन तळाला जाऊन बसली! वर लावली की तक्त्यात शिरताना मजकूर खाली दबतो, बाहेर पडताना उसळतो, मुद्रितं वाचताना ओळ हरवते. तळाशीच बरी. पण ओढून का जात नव्हती?

३ ऑक्टोबर, घटस्थापना
मराठीला अभिजात दर्जा. रात्री संपादकांचा फोन, त्यावर लेख घ्यायचा. पानं वाढणार नाहीत.

५, शनिवार
भाचा आला. “अरे, हलकं म्हणजे काय केलंस?”
विंडोजमध्ये ‘बेस्ट परफॉर्मन्स’ निवडलं होतं. त्यात खिडकी ओढताना आतला मजकूर दाखवण्याची खूण गेलेली. अक्षरांच्या कडा गुळगुळीत करण्याचीही. दोन्ही परत लावायला सांगितल्या. वेलांट्या गोल झाल्या. पट्टी मुद्दाम सोडवून ओढली. गेली, बसली.
“मावशी, स्पीड कमी होईल हं.”
होऊ दे.

७, सोमवार
निरोप आला. राशिभविष्याला तक्ता नको, सलग मजकूर हवा, जागा वाचते. टेबल, कन्व्हर्ट, टेबल टू टेक्स्ट. मीनेचे उपाय अजून आलेले नाहीत. ज्योतिषीबुवा फोन उचलत नाहीत.