भिंतीआडचे काम

उर्दू शाळेतून दहावी झालेली मुले पुढे काय करतात, असे कोणी विचारले की आम्ही बोटे मोजू लागतो. काही अकरावीला जातात, काही गॅरेजात, काही फर्निचरच्या कामाला. आणि बरीचशी वायरमनच्या हाताखाली. सोलापुरात आमच्या मोहल्ल्यातल्या कुठल्याही गल्लीत उभे राहून 'तुमच्या घरातली फिटिंग कोणी केली?' असे विचारा, उत्तरात आमच्या शाळेचा एखादा मुलगा निघतोच. चार-पाच वर्षे उस्तादाच्या मागे ड्रिल मशीन आणि पाइपांचा भारा वाहायचा आणि मग एक दिवस स्वतःचा टेस्टर खिशाला लावून मोकळे व्हायचे, हाच त्यांचा अभ्यासक्रम.

आम्ही विज्ञान शिकवतो. दहावीच्या पुस्तकात घरातल्या वीजजोडणीचा भाग आहे. फेज, न्यूट्रल आणि अर्थ अशा तीन तारा. आम्ही फळ्यावर त्या तीन रंगांच्या खडूंनी काढतो. मुलेही नीट उतरवून घेतात. पण वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी दोनच तारा आलेल्या असतात. तिसरी तार फक्त परीक्षेपुरती.

जुने विद्यार्थी रविवारी संध्याकाळी घरी येतात. चहा होतो आणि मग त्यांचे प्रश्न निघतात. 'सर, सारखा एमसीबी पडतो म्हणून गिऱ्हाईक सोळाच्या जागी बत्तीसचा लाव म्हणतो. लावू का?' 'घरात अर्थिंगच नाही, पण फ्रिजची पिन तीन पायांची. न्यूट्रलवरून एक तुकडा अर्थच्या पिनेला जोडला तर चालेल का?' एकाने तर थेटच विचारले, 'सर, लायसन्स नै तो पंखा बदलना बी गुनाह है क्या?'

हे प्रश्न आम्हाला मोलाचे वाटतात, कारण विचारणाऱ्याच्या मनात कुठेतरी खटकलेले असते. एमसीबी तारेचे रक्षण करतो. दीड किंवा अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेवर बत्तीस अँपिअरचा एमसीबी लावला, की तार आधी तापेल आणि एमसीबी स्वस्थ बसून राहील. न्यूट्रलचा तुकडा अर्थला जोडणे तर त्याहून वाईट. मागे कुठे न्यूट्रल तुटला, तर फ्रिजच्या पत्र्यावर फेज येऊन उभा राहतो आणि दार उघडणाऱ्या बाईच्या हाताला तो आधी भेटतो. एमसीबी माणसाला वाचवतो, असे अनेक मुले समजून चालतात. माणसाच्या अंगातून जाणारा घातक प्रवाह इतका थोडा असतो, की सोळा अँपिअरच्या एमसीबीला त्याची खबरही लागत नाही. त्यासाठी आरसीसीबी लागतो. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत आला की नाही, हे तो पाहतो आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडायच्या आत लाइन तोडतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात घरोघरी पत्र्याचे कूलर चालतात. खाली ओली फरशी, वर दोन पिनांचा प्लग आणि शेजारी रांगणारे मूल. ज्या घरात कूलर आहे, त्या घरात हे यंत्र का हवे, ते यावरून समजावे.

राहिला पंख्याचा प्रश्न. त्याचे उत्तर कायद्यातच आहे. १९५६च्या भारतीय विद्युत नियमांतला ४५वा नियम सांगत होता, की वीज-मांडणीचे नवे काम, त्यातली भर, बदल वा दुरुस्ती परवानाधारक कंत्राटदारानेच करावी, त्यावर सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या माणसाची देखरेख असावी आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्याकडे परमिट असावे. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच असे जसेच्या तसे बदलणे यातून वगळले होते. पुढे २००३चा विद्युत कायदा आला, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची सुरक्षेची विनियमावली २०१०मध्ये आणि पुन्हा नव्याने २०२३मध्ये आली, तरी या नियमाचा गाभा तोच राहिला. म्हणजे पंखा बदलणे गुन्हा नाही. पण आमची मुले पंख्यापाशी थांबत कुठे? ती अख्ख्या घराची कन्सिल फिटिंग करतात.

मग कायद्याचे काय होते? घराला नवा मीटर हवा असेल, तर परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडावा लागतो. तारांचे इन्सुलेशन मेगरने तपासले, अर्थिंग तपासले, सर्व ठीक आहे, अशी त्यावर सही असते. ही तपासणी इमानाने करणारे कंत्राटदार आम्ही पाहिले आहेत. पण घर न पाहता सही देणारेही आहेत आणि त्या सहीचा भाव मोहल्ल्यात सगळ्यांना ठाऊक असतो. ज्याने भिंत फोडून तार ओढली त्याचे नाव कागदावर नाही आणि ज्याचे नाव कागदावर आहे त्याने ती भिंत पाहिलेली नाही. आमच्या मते सगळे दुखणे इथे आहे.

याची किंमत आम्ही एका मुलाच्या रूपाने पाहिली. वर्गात मागच्या बाकावर बसायचा, गणितात कच्चा, पण बिघडलेली घंटा त्यानेच दुरुस्त केली होती. वयाच्या बाविसाव्या वर्षी एका नव्या घराच्या बोर्डवर काम करताना तो गेला. मेन बंद केला होता. पण त्याच बोर्डमध्ये इन्व्हर्टरची लाइन होती आणि ती चालू होती. ना त्यावर खूण, ना वेगळा रंग. ती लाइन दुसऱ्याच कोणी टाकली होती. पुढे भरपाईची गोष्ट निघाली, तेव्हा ज्याच्या सहीने काम चालले होते तो म्हणाला, हा मुलगा माझ्याकडे नव्हताच. घरमालक म्हणाला, मी तर ठेकेदाराला काम दिले होते. मुलाची अम्मी शाळेत आली. 'सर, उसका कुछ बी कागद निकालके देव,' म्हणाली. तो कुठे काम करत होता, कोणाच्या हाताखाली करत होता, हे सांगणारा एकही कागद दुनियेत नव्हता. आमच्याकडे त्याचा शाळा सोडल्याचा दाखला होता, तेवढा आम्ही दिला.

तेव्हापासून 'परवाना म्हणजे सरकारी कटकट' असे कोणी म्हटले, की आम्हाला ती अम्मी आठवते. परमिट गिऱ्हाइकाच्या संरक्षणासाठी आहेच, पण त्याआधी ते त्या मुलासाठी आहे. हे काम याने केले, याला ते येते आणि हा कोणाचा तरी माणूस आहे, एवढे तो कागद बोलतो.

मुलांची अडचण आम्हाला कळते. गिऱ्हाईक टाइल्सला फुटाप्रमाणे पैसे मोजतो, पण अर्थिंगचा खड्डा म्हटला की कपाळाला आठ्या घालतो. कोळसा-मीठ भरून खड्डा केला, तरी त्याला पाणी कोण घालणार? आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये काळी जमीन भेगाळते, खड्डा कोरडा पडतो आणि रोध वाढतो. 'मी नाही म्हटले तर दुसरा करेल' हे मुलांचे म्हणणे खरेच आहे. पण दुधात पाणी घातले तर चहात कळते, प्लॅस्टरच्या आत काय केले ते कळत नाही. ज्या कामावर कोणाची नजर पोचत नाही, त्याला आपल्या घरात अमानत म्हणतात. हा शब्द मुलांना समजावून सांगावा लागत नाही.

१८ मे २०२५ रोजी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत मालकाच्या घरची माणसे आणि कामगार मिळून आठ जण गेले. शॉर्ट सर्किटचा संशय तेव्हा बातम्यांत सांगितला गेला. त्यानंतर काही दिवस मोहल्ल्यातले लोक आपापले बोर्ड उघडून दाखवू लागले. पुढे पाऊस आला, लोक विसरले.

विसरू नये म्हणून करण्यासारखे पुष्कळ आहे. आयटीआयमध्ये वीजतंत्रीला दहावी लागते, तारतंत्रीला आठवी पुरते. दोन्ही अभ्यासक्रम दोन वर्षांचे. दहावीत अडकलेल्या मुलालाही दार उघडे आहे, हे आमच्या कितीतरी पालकांना ठाऊक नाही. दुसरी अडचण भाषेची. पुस्तकातला शब्द उर्दू, उस्तादाच्या तोंडचा इंग्रजी आणि अर्जावरचा मराठी. 'अनुज्ञप्ती' आणि 'सक्षमता प्रमाणपत्र' हे शब्द वाचूनच चांगला कारागीर अर्ज घडी करून खिशात ठेवतो. हा अर्ज भरून देणे शाळेला अवघड नाही. दाखला देताना या दोन वर्षांची माहिती देणेही अवघड नाही. आपल्या जमातीत वकील, डॉक्टर व्हावेत म्हणून सत्कार होतात, ते व्हावेतच. परमिट मिळवलेल्या तारतंत्रीच्या गळ्यातही एखादा हार पडावा.

आणि वाचकांनो, घर बांधायला काढाल तेव्हा प्लॅस्टर चढण्याआधी एकदा उभे राहून तिसरी तार मोजा. काम करणाऱ्या मुलाला त्याचे परमिट मागा. नसेल तर त्याला हाकलू नका. ते कधी काढणार, हे विचारा आणि अर्थिंगचे पैसे कापू नका.