परखी

हळदीच्या पोत्यात परखी खुपसून माल पाहण्याची रीत सांगलीच्या पेठेत जुनी आहे. वरचा थर गिऱ्हाइकाला दाखविण्यासाठी असतो. खरा माल पोत्याच्या पोटात असतो. याच पेठेत तीन पिढ्या व्यवहार केलेल्या एका घरात गेल्या हिवाळ्यात ही रीत एका मोटारीला लावावी लागली.

धाकट्या मुलाचे मन २०१७ सालच्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसवर जडले होते. २३० अश्वशक्तीची ही गाडी कोइम्बतूरच्या एका सद्गृहस्थांकडे होती. मागणी १८ लाखांची. गाडी करी मोटर स्पीडवेवर ११ वेळा चालविली आहे, हे त्यांनी पहिल्याच फोनवर सांगितले. शर्यतीत नव्हे, हौशी मालक शुल्क भरून आपली गाडी बंद ट्रॅकवर पळवितात, त्या दिवसांत. तशीच दुसरी गाडी पुण्यात होती. तिचा विक्रेता म्हणाला, "ट्रॅक सोडाच, हिने घाटसुद्धा जोरात चढलेला नाही." घरच्यांचा कल साहजिकच पुण्याकडे होता. अण्णा म्हणाले, "दोन्ही पोती उघडून पाहू."

पुण्यात मेकॅनिकने गाडी लिफ्टवर घेतली. पुढच्या टायरांच्या बाहेरच्या कडा खरवडल्यासारख्या झिजल्या होत्या. ब्रेकच्या डिस्कवर अतिउष्णतेने येणारी निळसर झाक होती आणि केसासारखे तडे होते. दोन वर्षांच्या सर्व्हिसच्या पावत्या नव्हत्या. विचारल्यावर विक्रेत्याने विषय बदलला.

ईरोडच्या हळद बाजारात अण्णांचे काम होतेच; तेथून कोइम्बतूर सुमारे १०० किलोमीटर. त्या सद्गृहस्थांनी गाडीआधी एक वही पुढे ठेवली. ट्रॅकवरचा प्रत्येक दिवस, फेऱ्या, बदललेले ऑइल, बदललेले ब्रेक फ्लुइड, सारे तारखेनिशी लिहिलेले होते. ब्रेक फ्लुइड हवेतील ओल शोषते. असे जुने फ्लुइड ट्रॅकवर तापून उकळले की पेडल दबते, पण गाडी थांबत नाही. म्हणून ते दर वेळी बदललेले होते. तपासणीत चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन जवळपास सारखे निघाले. डिस्क, टायर आणि सस्पेन्शनचे बुश मात्र संपले होते. त्यांचा अंदाजे खर्च २ लाख ४० हजार रुपये.

मुलगा बाजूला येऊन हळूच म्हणाला, "अण्णा, ट्रॅकचे त्यांनी स्वतःच कबूल केले आहे. त्यावर आणखी दोन लाख सहज पाडता येतील."

अण्णा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "जे झिजले त्याचे पैसे कापून घे. खरे बोलल्याचे कापू नकोस. पुण्याच्या माणसाने लपविले ते याच भीतीने."

सौदा १५ लाख ६० हजारांवर ठरला. परंतु पैसे देण्यापूर्वी अण्णांनी मुलाला आणखी एक प्रश्न विचारला : ही गाडी पळवायची कोठे? हमरस्त्यावर पळविण्याची वस्तू ही नव्हे, आणि ट्रॅकवर न्यावी तर विम्याच्या कागदात शर्यत व वेगचाचणी वगळलेली असते. तेथे झालेले नुकसान स्वतःच्या खिशातून भरावे लागते. मुलाने दोन्ही गोष्टी मान्य केल्या. वेग फक्त ट्रॅकवर, आणि तोही स्वतःच्या कमाईवर.

"आणि तू विकशील तेव्हा?"

मुलाने उत्तर दिले नाही. सांगलीस परतल्यावर नव्या डिस्क बसल्या, तेव्हा त्याने ती वही काढली, ज्या पानावर आधीच्या मालकाचे अक्षर संपले होते तेथे तारीख घातली आणि खाली खर्च लिहिला.