बोडीतला खडा आणि खडकातला आवाज

मुलांनो, तुम्ही कधी भंडारा जिल्ह्यात आला आहात का? नसाल, तर एकदा जरूर या. हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. साकोली, लाखनी, पवनी, कुठल्याही रस्त्याने निघा. धानाच्या बांध्या आणि त्यांच्यामध्ये चमकणारं पाणी दिसणारच. लहान तळ्याला इकडे 'बोडी' म्हणतात आणि जुन्या मोठ्या तलावांना 'मामा तलाव'. कुणाचे हो हे मामा? अहो, 'माजी मालगुजारी' या दोन शब्दांची ही पहिली अक्षरं! पूर्वी गावोगावचे मालगुजार असे तलाव बांधून घेत. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव मात्र राहिले.

चला, एखाद्या बोडीच्या काठी आज एक खेळ खेळू या. सोबत मोठं माणूस हवंच, आणि पाण्यात उतरायचं नाही, बरं का! वारा नसलेली सकाळ निवडा. तिघांनी घड्याळं जुळवून तीन वेगवेगळ्या ठिकाणी बसायचं, कान झाकायचे आणि फक्त आपल्या समोरच्या काठाकडे पाहायचं. चौथ्याने पाण्यात खडा टाकायचा. तरंग आपल्यापाशी आला, की प्रत्येकाने वेळ लिहायची.

समजा, तरंग सेकंदाला अर्धा मीटर पळतो. तो पहिल्याकडे आला आणि त्यानंतर ६ सेकंदांनी दुसऱ्याकडे. म्हणजे खडा पडला ती जागा दुसऱ्यापासून ३ मीटर जास्त लांब. तिसऱ्याच्या वेळेवरून असाच आणखी एक फरक मिळतो. आता वहीत बोडीचा नकाशा काढा आणि हे दोन्ही फरक जुळतील असा बिंदू शोधा. झालं! न पाहिलेल्या खड्याची जागा सापडली.

आता बोडीकडून मोठ्या पाण्याकडे जाऊ. पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्द धरण आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी त्याची पायाभरणी झाली. पावसाळ्यात त्याचे ३३ दरवाजे उघडले, की तो घोंघावणारा फेस पाहून छाती दडपते. पण न दिसणारी गोष्ट तळाशी असते. पाण्याच्या दर १० मीटर खोलीला तळाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलोचा भार वाढतो. शिवाय पाणी खडकाच्या भेगांत शिरतं, ते वेगळंच.

याने काही बिघडतं का? बहुतेक धरणांखाली काहीच होत नाही. पण सातारा जिल्ह्यातल्या कोयनेची गोष्ट निराळी. तिथलं धरण १०३ मीटर उंच. तलावात पाणी साठू लागल्यावर तिथे लहान लहान धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, लोक झोपेत असताना, ६.३ रिश्टरचा भूकंप झाला. पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. त्या खडकांत ताण आधीपासूनच होता. भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींना घट्ट दाबून बसलेल्या असतात. आत शिरलेल्या पाण्याचा दाब ती पकड ढिली करतो आणि बाजू सरकतात.

मग खोल खडकात नेमकं कुठे काय तुटतंय, हे कळायचं कसं? यासाठी प्रयोगशाळेत एक छोटा 'भूकंप' करतात. खडकाच्या ठोकळ्याला भोक पाडतात, त्यात नळी बसवतात आणि पंपाने पाणी दाबत जातात. दाब फार वाढला, की खडक आतून चिरतो. ते बारीक बारीक आवाज आपल्या कानांना ऐकूच येत नाहीत. म्हणून ठोकळ्याला चहूबाजूंनी छोटे 'कान' चिकटवतात. गॅसच्या लायटरमध्ये दाबल्यावर वीज निर्माण करणारा पदार्थ असतो ना, तशाच पदार्थाचे हे कान. खडक थरथरला, की यांतून विजेचा इवलासा संदेश निघतो.

पुढे आपला बोडीचाच खेळ! फक्त इथे खोलीही शोधायची, म्हणून तीन नव्हे तर निदान चार कान लागतात. आणि वेळ मोजायची ती किती बारीक! कठीण खडकात लहर सेकंदाला सुमारे ५ किलोमीटर धावते. म्हणजे एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात ५ मिलिमीटर. घड्याळ तेवढं जरी चुकलं, तरी चिरेची जागा चुकते. म्हणून शास्त्रज्ञ चारावर थांबत नाहीत, जास्त कान लावून हिशेब पुन्हा पुन्हा ताडून पाहतात.

कोयनेच्या परिसरातही जमिनीवर आणि विंधनविहिरींत असे भूकंपमापक कान बसवले आहेत. कराडजवळ त्यासाठी खास प्रयोगशाळा आहे. २०१७ साली तिथल्या शास्त्रज्ञांनी सुमारे ३ किलोमीटर खोल छिद्र घेतलं. सव्वा किलोमीटर काळा लाव्हा, त्याखाली अतिप्राचीन ग्रॅनाइट, आणि त्या खोलीवरही पाणी सापडलं. ते होतं पावसाचं!

भूकंप कधी होईल, हे आजही कुणाला सांगता येत नाही. पण तो कुठे धुमसतो आहे, हे या कानांमुळे कळतं. आणि कुठे ते कळलं, की तिथली घरं आणि शाळा भक्कम बांधता येतात.

तर मग, येत्या सुट्टीत बोडीचा खेळ खेळाल ना? आणि हो, तुमची वही आई-बाबांना जरूर दाखवा!