मोरोपंतांचे निरोष्ठ रामायण आणि लिनक्सचा कर्नेल

मंडळी, आजचा धागा गडकोटांचा नाही; तरी आरंभ बारामतीतच होतो. तेथे बाबूजी नाईकांच्या आश्रयाने राहिलेल्या मोरोपंतांनी अनेक रामायणे रचली. त्यांतले एक निरोष्ठ. ओठ मिटून उच्चारायचे प-वर्गातील वर्ण त्यात वर्ज्य, म्हणजे रामायण लिहायचे, पण 'राम' हे नाव घ्यायचे नाही! ही मला निव्वळ पांडित्याची कसरत वाटे.

मत बदलले ते धाकट्या भावामुळे. तो इंदापूरहून बारामतीस अभियांत्रिकीला जातो. त्याने लिनक्सचा एक जुना कर्नेल, म्हणजे संगणकप्रणालीचा गाभा, क्लँग या कंपायलरला दिला आणि त्रुटींची रांग लागली. "ताई, हाच जीसीसीवर बिनतक्रार चालतो गं!"

कंपायलर सी भाषेतला मजकूर यंत्रभाषेत उतरवतो. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी कर्नेल लिहिला तो जीसीसी हाताशी धरून. पुढे त्याच कंपायलरच्या खास सवलती त्यात मुरल्या. उदाहरणार्थ, ज्याची लांबी प्रोग्रॅम चालताना ठरेल असा ॲरे स्ट्रक्चरच्या पोटात ठेवणे. सीच्या प्रमाणात हे बसत नाही, क्लँगनेही ते नाकारले. एकाच कारकुनाला लागणारे मोडीचे वळण म्हणा ना.

स्ट्रक्चरबाहेरचे असे ॲरे मात्र १९९९ च्या प्रमाणाला मान्य होते. तरीही तेही काढावे लागले. कर्नेलचा स्टॅक तोकडा असतो. ६४ बिटांच्या नेहमीच्या संगणकांवर अवघा १६ किलोबाइट. कोणी लांबी मुद्दाम फुगवली, तर शेजारची मेमरी तुडवली जाते. केस कुक आणि इतरांनी एकेक जागा हुडकली. प्रत्येक ठिकाणी विचारावे लागले: येथे जास्तीत जास्त किती लागेल? हा प्रश्न मूळ लेखकाने टाळलेला होता, कारण सवलत होती. निरोष्ठातही हेच घडत असणार. हाताशी आलेला सोपा शब्द नाकारला की नेमके काय म्हणायचे आहे ते ठरवावेच लागते. डिसेंबर २०१८ मधील ४.२० या आवृत्तीत कर्नेल अशा ॲरेंपासून मुक्त झाला.

(आणि २०२२ पर्यंत तो १९८९ च्या सीवर बेतलेल्या बोलीतच लिहिला जात होता. भाषाशुद्धीवर वाद घालणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

मला धास्ती होती ती मूळ पाठाची. भावाने गिट उघडून दाखवले: एप्रिल २००५ पासूनचा जुना पाठ, नवा पाठ, बदलाचे कारण, खाली करणाऱ्याचे नाव. आपल्या बखरींच्या नकलकारांनीही पाठ 'सुधारले'. का, ते मात्र लिहून ठेवले नाही.