लखलखीत टाकीतले मेलेले झिंगे

दसरा झाला, घरोघरी जळमटं काढणं सुरू झालं आणि संपादकांचा फोन आला. "झिंग्यांची टाकी कशी साफ करायची ते लिहा, पण रसायनशास्त्र नको." जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलेल्या माणसाला ही अट जाचकच, पाहू जमतं का.

बार्शीटाकळीत मासे पाळणारे बरेच, झिंगे पाळणारे मोजके. दुकानात मिळतात ते लाल चेरी श्रिंप, मूळचे चीन-तैवानकडचे, दोन-अडीच सेंटिमीटरचे, आयुष्य दीड-दोन वर्षांचं. (महानच्या धरणातले लांब नांग्यांचे झिंगे आणून त्यांच्यात सोडू नका. ते या बारक्यांना खातात.)

गेल्या वर्षीची एक टाकी अजून डोक्यातून जात नाही. एक ताई आल्या, बाटलीत सात-आठ मेलेले झिंगे घेऊन. "सर, म्या तं सारं तुमी सांगतलं तसंच केलं. साबन नाई, घासनी नाई, पानी रातभर ठेवलेलं. मंग हे मेले कायले?" खरंच सगळं बरोबर केलं होतं. नळाच्या पाण्यातली क्लोरीन उडून जावी म्हणून पाणी रात्रभर ठेवलं होतं. कशात? तर तांब्याच्या हंड्यात. माणसाला चांगलं, मग झिंग्याला का नको?

गंमत अशी की झिंग्याच्या रक्तातच तांबं असतं. आपल्याकडे प्राणवायू वाहून नेण्याचं काम लोह करतं, त्यांच्याकडे तांबं. पण पाण्यात विरघळलेलं तांबं थेट कल्ल्यांवर बसतं आणि शरीरातल्या क्षारांचा तोल मोडतं. जागतिक आरोग्य संघटनेने माणसाच्या पिण्याच्या पाण्यात लिटरला 2 मिलिग्रॅमपर्यंत तांबं चालवून घेतलंय. झिंगा त्याच्या कितीतरी खालच्या प्रमाणात मरतो. त्या टाकीचं पाणी मी तपासलं नाही, तसं किट माझ्याकडे नव्हतं. तरी माझा संशय हंड्यावरच आहे.

दुसरं वेड आरओचं. "सर, कॅनचं शुद्ध पाणी टाकलं" असं अभिमानाने सांगणारा दर महिन्याला एक तरी भेटतो. अहो, झिंगा वाढताना कात टाकतो आणि नवं कवच करायला त्याला पाण्यातला कॅल्शियम लागतो. नुसत्या आरओच्या पाण्यात तो येणार कुठून? जुनं कवच अर्धवट फाटतं आणि झिंगा त्यातच अडकून मरतो. आता याची उलट बाजू, आणि हे मला सविस्तर सांगू द्या, कारण यावर दुकानदारांशी माझे वाद झालेत. आपल्या उन्हाळ्यात पंख्याखालच्या टाकीतून पाणी भराभर उडतं. उडतं ते पाणी, क्षार खालीच राहतात. बोअरचं पाणी लिटरला 300 मिलिग्रॅम कठीणतेचं धरा. 40 लिटरच्या टाकीत उन्हाळाभर उडालेल्या 40 लिटरची भर याच पाण्याने घातली, तर कठीणता 600 वर जाते. म्हणून नुसती पातळी भरून काढायची असेल तेव्हा आरओ, आणि पाणी काढून बदलायचं असेल तेव्हा नेहमीचंच पाणी, क्लोरीन घालवलेलं, प्लास्टिकच्या बादलीत ठेवलेलं. दुकानदार म्हणतात, गिऱ्हाईक गोंधळतं. गोंधळू द्या.

बाकी कृती फार नाही. आठवड्याला 40 लिटरमागे चार-पाच लिटर पाणी काढा, नळीच्या तोंडाला मलमल बांधून, नाहीतर पिल्लं त्यातून बादलीत जातात. नवं पाणी सलाईनच्या नळीने थेंबथेंब सोडा. एकदम ओतलंत तर झिंगे अवेळी कात टाकतात. फिल्टरचा स्पंज काढलेल्या पाण्यातच हलका पिळा, नळाखाली कधीच नाही. विष्ठेतून होणारा अमोनिया पचवणारे जिवाणू त्या मळकट स्पंजातच राहतात. टाकलेली कात काढू नका, ते स्वतःच ती खातात. समोरची काच पुसा. मागच्या काचेवरचं शेवाळ त्यांचं रोजचं जेवण आहे.

पण सांगून काय उपयोग? दिवाळीत पाहुणे येणार, टाकी चमकलीच पाहिजे. मग सगळं पाणी फेकलं जातं, गोटे उन्हात वाळतात आणि पाडव्यापर्यंत टाकी रिकामी होते. दोष "नाजूक जात" म्हणून झिंग्यांवर.

शेतकरी घरांना एक वेगळी विनंती. हे दिवस तुरीवर फवारणीचे. कीड मारणारं औषध झिंग्यालाही मारतं, कारण किडा आणि झिंगा एकमेकांचे जवळचे नातलग. पंप धरलेला हात त्या दिवशी टाकीत घालू नका, साबणाने धुतला असला तरी. डासांचा स्प्रेही त्या खोलीत मारू नका. आणि मागची काच या दिवाळीत घासायची नाही, एवढं घरातल्या मोठ्या माणसांना आधीच सांगून ठेवा.